मुंढ्यातला झोळ दिसू द्या

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी बार्शीला राहते, वीस वर्षं ब्लाउज शिवते. दीड वर्षापूर्वी मुलीच्या आग्रहानं यूट्यूबवर शिवणकामाचं चॅनेल सुरू केलं. १४० व्हिडिओ झाले. ज्या बायका बघतात त्या बराच वेळ बघतात, खाली छान लिहितात, शंका विचारतात. पण बघणाऱ्याच कमी. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेलचा हिशेब दिसतो तिथं, क्लिकचा आकडा २.१ टक्के दिसतो. पुतण्या म्हणतो, काकू, तुमचं थंबनेल, म्हणजे व्हिडिओचं बाहेर दिसणारं चित्र, चुकतंय. त्यानं दोन-तीन करून दिली. त्यात माझा तोंड उघडं असलेला फोटो, लाल गोल, लाल बाण आणि 'ही चूक केलीत तर संपलंच!!' असं लिहिलेलं. मला बघून लाज वाटली. घरात माझा चेहरा असा मोठा करून लावलेला चालणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तो नको आहे. चेहरा न लावता, ओरडून न सांगता चांगलं थंबनेल होतं का? मला मोबाइलवरच करता यायला हवं. माझी सहा थंबनेलं आणि त्या व्हिडिओंचे दुवे सोबत पाठवते."

ताई,

आधी व्हिडिओ पाहिले, मग थंबनेलं. मुद्दामच त्या क्रमानं. कटोरी ब्लाउजच्या व्हिडिओत नवव्या मिनिटाला तुम्ही एक शिवलेला ब्लाउज खिडकीशी धरता, मुंढ्याजवळ, म्हणजे बाही जोडतात तिथं, कापड गोळा झालंय त्यावर बोट ठेवता आणि म्हणता, "हे बघा, पुढचा मुंढा पाठीएवढाच कापला. अर्धा इंच आत घ्यायचा राहिला, म्हणून इथं झोळ आला." मला सुईत दोरा ओवायलाही चष्मा लागतो, तरी मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. आमच्या घरात त्या झोळापायी दोन शिंपी बदलले गेलेत.

मग त्याच व्हिडिओचं थंबनेल उघडलं. गुलाबी पडद्यापुढं डमी, डमीवर फुलाफुलांचा ब्लाउज, सहा फुटांवरून काढलेला. वर पिवळी पट्टी, खाली लाल पट्टी, दोन्हींत मिळून तेरा शब्द: 'कटोरी ब्लाउज कटिंग आणि शिलाई संपूर्ण माहिती अगदी सोप्या पद्धतीने मराठीत भाग ३'. झोळाचा पत्ता नाही. ते बोटही नाही.

तुमच्या पुतण्याचं निदान बरोबर आहे, औषध चुकलंय. चेहऱ्याचं पुढे बोलू. आधी त्या बाईचं बोलू जी तुमचा व्हिडिओ शोधते आहे.

रात्रीचे अकरा वाजलेत. गिऱ्हाइकाचा ब्लाउज सकाळी द्यायचाय. शिवून झालाय, घालून बघितला तर मुंढ्याशी कापड फुगतंय. ती मोबाइल काढते आणि बोलून किंवा टाइप करून शोधते, 'ब्लाउज मुंढा झोळ'. समोर दहा-बारा चित्रं येतात. सगळ्यांत डमीवर सुंदर ब्लाउज. सुंदर ब्लाउज कसा दिसतो हे तिला ठाऊक आहे हो, ती स्वतः शिवते! तिच्या हातातला बिघडलेला आहे, आणि ती त्याचंच चित्र शोधते आहे. त्या यादीत एकाच ठिकाणी जर तसाच फुगलेला मुंढा आणि त्यावर ठेवलेलं बोट दिसलं, तर तिथं काय लिहिलंय हे न वाचताच तिचा अंगठा थांबेल.

म्हणून चूक दुरुस्त करण्याचे, फिटिंगचे जे व्हिडिओ आहेत त्यांच्या थंबनेलवर चूक दाखवा. उपाय आत आहे, तो बाहेर मांडायची गरज नाही. काही जण अर्ध्यात चूक, अर्ध्यात दुरुस्त केलेलं असं दाखवतात. ते वाईट नाही, पण मग दोन्ही फोटो एकाच अंतरावरून, एकाच कोनातून, एकाच उजेडात हवेत. नाहीतर बघणारीला दोन वेगळे ब्लाउज वाटतात आणि कोडं सोडवत बसायला ती काही थांबत नाही. तुमच्यासाठी मी एकच फोटो सुचवेन.

गळ्याच्या डिझाइनचे व्हिडिओ असतील तिथं मात्र हे उलटं करा. 'पाठीमागचा गळा, पैठणीच्या काठाचा' असं शोधणारी बाई अडचणीत नसते, हौसेत असते. तिला तयार गळाच दाखवायचा, तोही इतक्या जवळून की पायपिंगची शिलाई दिसावी. बाह्या, हुकपट्टी, डमीची मान, सगळं कापून टाका. ब्लाउज अख्खा दिसलाच पाहिजे हा हट्ट सोडा. तुमच्या सहापैकी पाच चित्रांत तो हट्ट आहे.

फोटो कसा काढायचा, इथं थोडा वेळ घालवतो, कारण ऐंशी टक्के काम इथंच होतं (हा आकडा माझ्या अनुभवाचा, कुणी मोजलेला नाही).

पहिलं म्हणजे व्हिडिओतली चौकट (फ्रेम) उचलून थंबनेल करू नका. हलत्या हाताची चौकट पुसट येते. शूटिंगच्या दिवशी थंबनेलचा फोटो वेगळा काढायचा, कॅमेरा स्टँडवरून उतरवून, पाच मिनिटं त्याच्यासाठी राखून. लग्नात सगळे विधी होऊन गेल्यावर 'आता जरा पुन्हा हार घाला' म्हणणाऱ्या फोटोग्राफरवर आपण हसतो, पण अल्बमच्या पहिल्या पानावर तोच फोटो लागतो.

उजेड बाजूनं यायला हवा. झोळ, चुण्या, शिलाईची ओढ हे सगळं सावलीमुळे दिसतं. समोरून उजेड आला, किंवा मोबाइलचा फ्लॅश मारला, की सावली जाते आणि झोळ सपाट होतो. तुम्ही रिंग लाइट घेतलाय असं व्हिडिओवरून दिसतं. बोलताना तो ठीक, पण थंबनेलच्या फोटोला बंद करा. सकाळची खिडकी डाव्या हाताला ठेवा, ब्लाउज खिडकीला काटकोनात धरा. नवव्या मिनिटाला तुमच्याकडून ते आपोआप झालंय, म्हणूनच तो झोळ माझ्यासारख्यालाही दिसला.

दुसरी गोष्ट कापडाची. तुम्ही बहुतेक सगळं छापील कापडावर शिकवता. त्यावर खडूची रेघ दिसत नाही, मुंढ्याचा आकार दिसत नाही, आणि छोट्या चित्रात तर सगळी फुलंच फुलं. कटिंगचे व्हिडिओ असतील त्यांच्या थंबनेलसाठी मांजरपाटाचा तुकडा घ्या. त्यावर निळ्या किंवा काळ्या मार्करनं आकार काढा, खडूनं नको. एका तुकड्यावर कटोरी, दुसऱ्यावर प्रिन्सेस कट, तिसऱ्यावर बाही. मीटरभर मांजरपाटात महिनाभराची थंबनेलं होतील. खाली टेबलावर एक गडद चादर, कायम तीच. फिकट कापड, गडद पार्श्वभूमी, एक रेघ. फोटो काढल्यावर मोबाइलमध्येच तो क्षणभर कृष्णधवल करून बघा. कापड आणि चादर वेगळी दिसत नसतील, तर रंगीत असतानाही ती दुरून वेगळी दिसणार नाहीत.

आता चेहरा.

भाव असलेला चेहरा लक्ष ओढतो, हे खोटं नाही. नेटफ्लिक्सनं २०१६ साली आपल्या चित्रांच्या चाचण्यांबद्दल लिहिलं, त्यातही हे आलं होतं. शिवाय एका शीर्षकावर बघणारा सरासरी १.८ सेकंद घालवतो आणि चित्रात तीनपेक्षा जास्त माणसं आली की चित्र मागं पडतं, असंही त्यात होतं. (तुमच्या दिवाळी स्पेशलच्या थंबनेलवर नऊ ब्लाउज आहेत. माणसं नाहीत, पण न्याय तोच.) मात्र ते सिनेमे-मालिकांबद्दल आहे. तिथं माणूसच विषय असतो. तुमच्याकडे विषय मुंढा आहे. तिथं तोंड उघडलेला चेहरा आला की तो मुंढ्याची अर्धी जागा खातो, आणि बघणारीला कळतं इतकंच, की या बाईला कशाचं तरी आश्चर्य वाटलंय.

तुमचे हात लावा. व्हिडिओभर तुमचेच हात दिसतात: उजव्या हातात हिरव्या बांगड्या, मधल्या बोटात अंगुस्तान. बघणाऱ्या बायका तुम्हाला त्याच हातांनी ओळखतात. दर थंबनेलवर तो हात आला, बोट चुकीच्या जागेवर टेकलेलं असलं, की चार-सहा महिन्यांत 'त्या हिरव्या बांगड्यांवाल्या ताई' अशी ओळख होईल. घरच्यांची हरकत नाही, तुम्हाला संकोच नाही, आणि बाण काढायचंही काम वाचलं, कारण बोट हाच बाण.

लाल बाणाशी माझं वैर नाही. बोट पोचत नाही अशी बारीक जागा असेल, हुकपट्टीखालची दुमड वगैरे, तर एक बाण काढा की. पुतण्याच्या चित्रात बाण तुमच्या चेहऱ्याकडे जातोय आणि लाल गोल डमीच्या खांद्याभोवती आहे, तिथं काहीच बिघडलेलं नाही. गोल काढायचा म्हणून काढलाय.

अक्षरांकडे येतो. हा माझा जुना धंदा.

मी बरीच वर्षं दुकानांच्या पाट्या आणि फ्लेक्स केले. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, साड्या घ्या, ड्रेस मटेरियल घ्या, फॉल-बीडिंग, पिको, झेरॉक्स, मोबाइल रिचार्ज, वर गणपती, कोपऱ्यात वडिलांचा फोटो. पैसे चौरस फुटाचे, मग जागा मोकळी का सोडायची? मी घ्यायचो. पाटी भरायची. मग त्याच मालकाची तक्रार यायची की लोकांना दुकान सापडत नाही.

रेल्वे स्टेशनची पाटी आठवा. पिवळ्यावर काळी अक्षरं, गावाचं नाव. न थांबणाऱ्या गाडीतूनही वाचता येते. त्याच पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिलेली असते, पण लहान अक्षरात. गाडी थांबली आणि वेळ असला तर वाचायला. थंबनेलवर गावाचं नाव तेवढं ठेवा. 'संपूर्ण माहिती', 'सोप्या पद्धतीने', 'भाग ३' ही समुद्रसपाटीची उंची आहे, ती व्हिडिओच्या शीर्षकात जाऊ द्या. थंबनेलच्या खालीच शीर्षक दिसतं, मग तेच दोनदा कशाला? चित्रावर 'मुंढ्यात झोळ?' एवढे दोन शब्द, आणि शीर्षकात 'कटोरी ब्लाउजच्या मुंढ्यात झोळ का येतो, ३६ साइज, अस्तरासह'. शोधणारीचे शब्द शीर्षकात आले, चित्र मोकळं राहिलं.

तीन शब्दांच्या वर जायची गरज पडली, तर समजा फोटोच चुकलाय.

देवनागरीच्या काही खोड्या इंग्रजीतल्या सल्ल्यांमध्ये कुणी सांगत नाही. तिकडं म्हणतात, सगळी अक्षरं मोठ्या लिपीत लिहा. आपल्याकडे मोठी लिपी आणि लहान लिपी नाहीच, जाडी आणि आकार एवढीच हत्यारं. तिकडं म्हणतात, अक्षरांना जाड किनार द्या. दिली तर काय होतं? ध आणि घ, भ आणि म यांच्यातला मुख्य फरक शिरोरेषेच्या तुटीचा. जाड किनारीनं ती तूट बुजते. एका शिवणसाहित्याच्या दुकानाची पाटी मीच केली होती, जाड पांढरी किनार घालून. वर चढवली आणि रस्त्याच्या पलीकडून बघतो तर 'सर्व प्रकारचे घागे मिळतील'. स्वतःच्या खर्चानं बदलून दिली. तुमच्या तिसऱ्या थंबनेलवर 'धागा' आहे, जरा लांब धरून बघा.

किनारीनं ळ ची पोकळीही भरते आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. किनारीऐवजी अक्षरांमागं सपाट गडद पट्टी द्या, किंवा फोटो काढतानाच एका बाजूला मोकळी चादर सोडा आणि अक्षरं तिच्यावर बसवा. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवायची सोय अ‍ॅपमध्ये असते, तिला हात लावू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. अक्षरं उभी ताणूही नका. दोन ओळी असतील तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत घुसतात, तेव्हा अंतर राखा. एकच ओळ असेल तर हा प्रश्नच मिटला.

फॉन्ट कुठला? तुम्ही वापरलेला नागमोडी, लग्नपत्रिकेचा आहे. पत्रिका हातात धरून वाचतात, ही तशी वाचत नाहीत. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बलू' हे दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. मुक्ताचा सगळ्यात जाड प्रकार घ्या, तो सरळ आणि स्वच्छ आहे. बलू गोलसर, थोडा लाडिक. गळ्याच्या डिझाइनला शोभेल. जागा अरुंद असेल तर 'तेको' किंवा 'खंड' बघा, ते उभट आहेत. एक निवडा आणि वर्षभर बदलू नका. काही अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं फुटतात, 'मुंढ्यात' लिहिलं की ढ चा पाय मोडून य वेगळा पडतो. तसं झालं तर ते अ‍ॅप सोडा, त्याच्याशी झटापट करू नका. आणि प्रकाशित करण्याआधी मुलीला एकदा वाचायला द्या. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, हे तुमच्या धंद्यातही खरं असेल.

मापं पटकन सांगतो. १२८० बाय ७२० पिक्सेल, म्हणजे १६ ला ९ हे प्रमाण. जेपीजी किंवा पीएनजी. फाइल २ एमबीच्या आत ठेवलीत की कुठं अडणार नाही. खालचा उजवा कोपरा मोकळा, कारण तिथं यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवतं. तुमच्या चार थंबनेलांवर '३६ साइज' नेमकं तिथंच आहे, म्हणजे बाईला हवा तो आकडा '२२:४०' च्या खाली गाडला गेलाय! साइज डाव्या वरच्या कोपऱ्यात न्या, गोल ठिपक्यात, दरवेळी त्याच जागी आणि त्याच रंगात. यूट्यूबवरच्या छोट्या व्हिडिओंना, म्हणजे 'शॉर्ट्स'ना, असं वेगळं चित्र चढवता येत नाही, अपलोड करताना त्यातलीच एक चौकट निवडावी लागते. म्हणून शॉर्ट शूट करताना दोन सेकंद हात स्थिर धरा.

चित्र तयार झालं की लगेच चढवू नका. थंबनेल म्हणजे अंगठ्याचं नख, नावातच माप दिलंय. मोबाइलवर यूट्यूबच्या पहिल्या पानावर, म्हणजे होमवर, ते रुंदभर दिसतं, पण लॅपटॉपच्या उजव्या रांगेत, नोटिफिकेशनमध्ये, आधी पाहिलेल्यांच्या यादीत ते खरंच नखाएवढं होतं. आणि हल्ली बायका दुपारी टीव्हीवर यूट्यूब लावून शिवतात, तिथं चित्र मोठं पण दहा फुटांवर. गॅलरीत जाऊन छोट्या चौकोनांच्या यादीत तुमचं चित्र बघा, हात लांब करून. झोळ दिसतोय? बोट दिसतंय? शब्द वाचता येतात? झालं.

दुसरी चाचणी याहून उपयोगाची. यूट्यूबवर तुमचाच विषय शोधा, त्या यादीचा स्क्रीनशॉट काढा आणि त्यातल्या एका चित्रावर तुमचं चित्र चिकटवा. मी 'कटोरी ब्लाउज कटिंग' शोधलं, तर जवळपास सगळी चित्रं गुलाबी-लाल-पिवळी, सगळ्यांवर डमी. त्या गर्दीत काळ्या चादरीवरचा पांढरा मांजरपाट आणि हिरव्या बांगड्या कशा दिसतील, विचार करा. उद्या सगळ्यांनी काळी चादर घेतली तर तुम्ही बदला. थंबनेलचा रंग शेजाऱ्याला बघून ठरतो. म्हणून 'पिवळा सगळ्यात चालतो' असल्या सल्ल्यांना अर्थ नसतो.

२.१ टक्क्यांबद्दल. त्या आकड्यानं तुम्ही जरा जास्तच घाबरलात. यूट्यूब स्वतःच सांगतं की निम्म्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा हा आकडा २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. तुम्ही खालच्या काठावर आहात, बुडालेल्या नाही. हा आकडा कसा मोजतात तेही बघा: चित्राचा निदान अर्धा भाग एक सेकंदाहून जास्त वेळ पडद्यावर राहिला, की एक 'इम्प्रेशन' धरतात, आणि अशा शंभरांपैकी कितींनी क्लिक केलं ते टक्क्यांत. नवा व्हिडिओ आधी तुमच्या ओळखीच्या बायकांपुढं येतो, तेव्हा टक्का चांगला असतो. मग यूट्यूब तो अनोळखी लोकांपुढं नेऊन बघतं आणि टक्का पडतो. म्हणजे कधीकधी व्हिडिओ चांगला चालतोय म्हणूनच टक्का खाली येतो. तेव्हा एकटा टक्का बघू नका. तो शोधातून आलेल्यांचा किती आणि होमवरून आलेल्यांचा किती, हे वेगवेगळं बघा. शिवणकामात शोधातून येणाऱ्या बायकांवर तुमचं घर चालणार आहे. होमवर तुमच्या शेजारी मालिकेचा प्रोमो आणि राजकारणाची भांडणं असतात, तिथं मुंढा हरणारच.

१४० थंबनेलं बदलायला बसू नका. स्टुडिओत अशी दहा शोधा, जिथं इम्प्रेशन भरपूर आहेत, क्लिक कमी आहेत, पण आलेल्या बायका बराच वेळ थांबतात. तिथं माल चांगला आहे, पाटी वाईट आहे. चालत असलेल्यांना हात लावू नका, थंबनेल कुरूप असलं तरी. तुमचं 'साधी बाही' वालं भयंकर आहे आणि तेच सगळ्यात जास्त चालतंय, असू द्या.

संगणकावरच्या स्टुडिओत 'टेस्ट अँड कम्पेअर' या नावानं आलेली सोय आहे. एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेलं लावता येतात, यूट्यूब ती वेगवेगळ्या लोकांना दाखवतं आणि कुठल्यामुळे व्हिडिओ जास्त वेळ पाहिला गेला ते सांगतं. लक्षात घ्या, निकाल क्लिकवर ठरत नाही, पाहिलेल्या वेळावर ठरतो. हे काम पुतण्याच्या लॅपटॉपवर होईल. त्याला सांगा, एक तुझं लाव, एक माझं लाव. पण फक्त पट्टीचा रंग बदललेली तीन चित्रं लावू नका. त्यातून काही कळत नाही, आणि तुमच्याएवढ्या चॅनेलवर निकाल यायला बरेच दिवस लागतात.

वेळावर ठरतं म्हणूनच 'संपलंच!!' चालत नाही. पुतण्याच्या एका चित्रावर '५ मिनिटांत ब्लाउज' आहे आणि व्हिडिओ बावीस मिनिटांचा. क्लिक येईल, बाई सहाव्या मिनिटाला जाईल, चिडून जाईल. २०२४ च्या डिसेंबरात यूट्यूबनं खास भारतासाठी जाहीर केलं की शीर्षकात किंवा थंबनेलवर जे कबूल केलंय ते व्हिडिओत नसेल, तर अशा ढळढळीत प्रकारांवर कारवाई कडक करणार. रोख मुख्यतः ताज्या बातम्यांवर होता, ब्लाउजवर कोणी धाड घालणार नाही. पण गिऱ्हाइकाला मंगळवार सांगून शुक्रवारी ब्लाउज देणाऱ्या शिंप्याचं काय होतं, ते बार्शीत तुम्हाला मी सांगायला नको.

सहावं थंबनेल एआयनं केलेलं आहे ना? त्या ब्लाउजची बाही मुंढ्याला जोडलेलीच नाही, शिलाई मध्येच हवेत संपते. मला माझ्या मुलीनं दाखवल्यावर दिसलं, पण शिवणाऱ्या बाईला एका नजरेत दिसेल, आणि 'हिला शिवता येत नाही' असं ती मनात म्हणेल. नट्यांचे, दुसऱ्यांच्या दुकानांचे फोटोही नकोत, ते आपले नाहीत. तुमच्याकडे वीस वर्षांचे खरे ब्लाउज पडलेत.

सुरुवात तीन व्हिडिओंनी करा: मुंढ्याचा झोळ, बाही पुढं ओढते तो, आणि मागचा गळा खांद्यावरून घसरतो तो. तिन्हींत चूक दाखवता येते. पहिल्यासाठी तो नवव्या मिनिटाचा ब्लाउज अजून उसवला नसेल किंवा गिऱ्हाइकाकडे गेला नसेल, तर उद्या सकाळी खिडकीशी धरून पुन्हा फोटो काढा. गेला असेल तर मांजरपाटाचा एक मुंढा मुद्दाम चुकवून शिवा. वीस वर्षांनी पहिल्यांदाच जरा जड जाईल. तिन्ही चित्रं मला पाठवा, चढवायच्या आधी.